पाच जणांचा हिप-हॉप ग्रुप: खण, घोंगडी, डेनिम, कॉर्डरॉय, नायलॉन एकत्र कसं बसवायचं?

पाचवा_ठोका लिहितो:

पुण्यातला पाच जणांचा ग्रुप आहे. दोघे रॅप करतात, तिघे नाचतात (दोन मुली, एक मुलगा). एका व्हिडिओचं शूट रात्री आहे: थोडं उड्डाणपुलाखाली, थोडं पेठेतल्या जुन्या काळ्या दगडी भिंतीसमोर. त्यानंतर महिन्याभराने तोच लूक स्टेजवर लागणार आहे.

पाच सारखे टी-शर्ट छापून घ्यायचे नाहीत एवढं पक्कं ठरलंय. प्रत्येकाचं आपलं वेगळं दिसावं, पण पाचही एका घरचे वाटावेत. कापडं मनात आहेत ती अशी: डेनिम, कॉर्डरॉय, नायलॉन, जाड होजिअरी, घोंगडी आणि डाळिंबी रंगाचा खण. बाकी रंग काळा, नीळ, तपकिरी, ऑफ-व्हाइट.

अडचण अशी की सगळं एकत्र मांडलं की फॅन्सी ड्रेस स्पर्धा वाटते. उंची ५ फूट १ इंचापासून ६ फुटांपर्यंत आहे, अंगकाठीही वेगवेगळी. शिंपी ओळखीचे आहेत, पण त्यांनी खण ब्लाउजपलीकडे कधी शिवलेला नाही. बजेट कापड आणि शिलाई धरून वीस हजार, बूट ज्याचे त्याचे. कुठून सुरुवात करू?

---

कापडगंज लिहितात:

रंग तुमचे बरे आहेत, फॅन्सी ड्रेस होतोय तो पोतांमुळे. सगळी कापडं एका खिडकीजवळ टांगा आणि चार पावलं मागे जाऊन बघा, उजेडाचं काय होतंय ते. घोंगडी आणि फ्लीस उजेड पिऊन टाकतात. कॉर्डरॉय आणि रिब उजेडात रेघा धरतात, प्रत्येक रेघेला स्वतःची सावली असते. नायलॉन उजेड परत फेकतं. खण थोडा चमकतो आणि वर नक्षीही दाखवतो, म्हणजे तो एकटाच दोन कामं करतो. म्हणून खण कमीत कमी जागेत हवा. डेनिम या सगळ्यांच्या मध्ये बसतं, कुणाशीही भांडत नाही.

आता वाटणी. मोठ्या तुकड्याचं कुठलंही कापड पाचांपैकी दोघा-तिघांवर हवं. एकावरच आलं तर तो पाहुणा वाटतो आणि पाचांवर आलं की गणवेश होतो. खण मात्र पाचही जणांवर, वितीएवढा, प्रत्येकाच्या वेगळ्या जागी. पाच जणांना बांधणारी दोरी तीच. आणि खण सोडून एका माणसाच्या अंगावर तीनच पोत. चौथा आला की डोळा कुठे थांबायचं ते विसरतो.

तुमच्या यादीवरून मी असं मांडेन:

रॅपर १: काळ्या घोंगडीची बंडी, आत ऑफ-व्हाइट २४० जीएसएमचा (चौरस मीटरला २४० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) सैल टी-शर्ट, खाली काळी नायलॉन कार्गो. खण बंडीच्या खिशांच्या झडपांना.

रॅपर २: गडद निळं डेनिम जॅकेट, आत करडी होजिअरी, खाली तपकिरी कॉर्डरॉय पँट. खण जॅकेटच्या पाठीच्या योकला, म्हणजे खांद्यांखालच्या आडव्या तुकड्याला.

नाचणारी १: काळं आखूड नायलॉन जॅकेट, आत काळा टी-शर्ट, खाली डेनिम. खण हुडच्या आत, अस्तर म्हणून. मान वळली की तेवढाच डाळिंबी दिसतो.

नाचणारी २: तपकिरी कॉर्डरॉयचा मोठा शर्ट उघडा, आत जाळीची जर्सी, खाली नायलॉन ट्रॅकपँट. खण ट्रॅकपँटच्या बाजूच्या पट्ट्यांना.

नाचणारा ३: ऑफ-व्हाइट लूपर (आतून विणीचे फासे असलेला) स्वेटशर्ट, ३०० जीएसएमच्या आसपासचा, खाली डेनिम. खण डोक्याला रुमाल म्हणून. घोंगडी एकट्या बंडीवर पडू नये म्हणून याच्या अंगावरच्या आडव्या बॅगेचं झाकण घोंगडीचं करा.

नायलॉन तिघांकडे, डेनिम तिघांकडे, कॉर्डरॉय दोघांकडे, घोंगडी दोघांकडे. उभं राहताना शेजारच्या दोघांचं वरचं कापड एकच येऊ देऊ नका. घोंगडी मधोमध, तिच्या एका बाजूला नायलॉन जॅकेट, दुसऱ्या बाजूला डेनिम. उजेड पिणारं कापड उजेड फेकणाऱ्याच्या शेजारी असलं की दोन्ही उठून दिसतात.

ग्रुपचा लूक हा प्रकार जुना आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या रन-डीएमसी या तिघांच्या हिप-हॉप ग्रुपने १९८०च्या दशकात काळ्या हॅट, लेदर जॅकेट आणि बिनालेसचे आदिदासचे बूट एवढ्यावर तो उभा केला आणि १९८६ मध्ये आदिदासने त्यांच्याशी करार केला. त्यांच्याकडे बघून शिकण्यासारखं म्हणजे बाह्याकृती. अंधारात नुसती सावली दिसली तरी ते ओळखू यायचे. तुम्हाला पोत वेगळे ठेवायचेत, म्हणजे बाह्याकृती तर आणखीच घट्ट धरायला हवी. त्यावर इथलं कुणी शिवणकामातलं लिहील.

कॉर्डरॉय घेताना इंचात किती रेघा ते मोजा. शर्टिंगचं कॉर्डरॉय १६ रेघांचं असतं, एक रेघ जेमतेम दीड मिलिमीटर. स्टेजवरून ते साधं तपकिरी कापड दिसतं आणि पैसे वाया जातात. ८ रेघांचं घ्या, रेघ तीन मिलिमीटरच्या वर जाते.

---

सुईदोरा लिहितात:

कापडगंज यांची मांडणी चांगली आहे. शिंप्यांकडे जाण्याआधी काय करायचं ते लिहिते.

खणाचा हिशोब. हातमागाच्या खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद असतो आणि दुकानागणिक बदलतो, म्हणून टेपने मोजूनच घ्या. ३० इंच पन्हा धरला तर पहिल्या २२ इंच लांबीत २२ बाय २२ चा रुमाल निघतो आणि शेजारच्या ८ इंची पट्टीत खिशांच्या झडपा. पुढच्या ४२ इंचांत ट्रॅकपँटच्या ३ इंची दोन पट्ट्या उभ्या निघतात. उरलेल्या २४ इंच रुंदीत पाठीचा योक (२० बाय ९) आणि हुडचे दोन तुकडे (प्रत्येकी ११ बाय १४). एकूण ६४ इंच, म्हणजे साधारण १.६ मीटर. आटणं आणि चुकणं धरून दोन मीटर घ्या. पाच जणांसाठी पाच वेगवेगळे खण आणू नका, एकाच ताग्यातून कापा. दुसऱ्या ताग्याचा डाळिंबी दुकानात तोच वाटतो आणि उन्हात वेगळा पडतो.

सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. बऱ्याच खणांत ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या रंगाचा असतो, त्याची ती धूपछाव. एक तुकडा आडवा फिरवून बसवला की तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. कॉर्डरॉयलाही हेच लागू. लव वर जाणारी ठेवली तर रंग गडद, खाली जाणारी ठेवली तर फिका. शर्ट आणि पँट दोन्हींना लव एकाच बाजूला हवी, नाहीतर दोघांच्या अंगावरचं तपकिरी जुळणार नाही.

खण कशाचा आहे ते आधी ओळखा. कडेचे दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास म्हणजे रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. सूत की रेयॉन ते जाळून कळत नाही, ते दुकानात विचारा. सुती असेल तर साबण न घालता थंड पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत वाळवा. रेशीम किंवा रेयॉन असेल तर पाण्यात घालू नका, उलट्या बाजूने हलकी इस्त्री पुरे. ओला पांढरा रुमाल खणावर घासून बघा. रंग लागला तर तो खण ऑफ-व्हाइटच्या शेजारी येता कामा नये.

ब्लाउज शिवणारे शिंपी इथे एका ठिकाणी फसतात. ब्लाउज अंगाबरोबर शिवलेला असतो आणि त्यात हालचाल मोजकी असते. जॅकेटच्या पाठीला मात्र हात पुढे नेला की ताण येतो. खणाचे गुळगुळीत धागे शिलाईपाशी सरकतात आणि बारीक जाळी दिसायला लागते. म्हणून योकचा तुकडा डेनिमच्या योकच्या जागी घालू नका, डेनिमच्या योकवर ठेवा, म्हणजे ताण डेनिम घेईल. खणाच्या मागे पातळ विणीचं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा, मार्जिन पाऊण इंच ठेवा, टाका २ ते अडीच मिलिमीटर. शिवून झालं की शिलाईच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून ओढा. फट दिसली तर दुसरी शिलाई मारा. मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात, ते चेनमध्ये अडकतात. हुडमध्ये चेनपासून इंचभर आत खण संपवा.

घोंगडी. नवी घ्या किंवा सुटं कापड मिळालं तर ते घ्या. घरात देवकार्यात वापरलेली असेल तर तिला कात्री लावू नका. तिचा ताठपणा बराचसा चिंचोक्याच्या खळीतून येतो. धुतली की ती मऊ पडते आणि बंडीचा आकार लोंबतो, म्हणून शिवण्याआधी धुवायची नाही. उन्हात टाकून ब्रशने झाडायची. कापल्या कापल्या कडेला ओव्हरलॉक करा, हातसुताची लोकर लगेच उसवते. कडा दोनदा दुमडायच्या नाहीत, तिथे बोटाएवढा जाड वळ उठतो. सुती तिरक्या पट्टीची पायपिंग करा. आत पूर्ण अस्तर हवंच, नाहीतर मानेला आणि काखेला टोचेल. काखेच्या गोलात अस्तर सुळसुळीत घ्या, सुती अस्तर आतल्या टी-शर्टला धरून ठेवतं आणि बंडी वर चढत राहते.

नायलॉनला टाचण्या लावू नका, भोक राहतं. क्लिपा लावा. सुई ७० किंवा ८० नंबरची धारदार, टाका ३ मिलिमीटर. शिलाई उसवली तरी जुनी भोकं दिसतात, म्हणून माप आधी मांजरपाटावर बघून घ्या. डेनिमला सुई १०० ची.

---

पाचवा_ठोका लिहितो:

एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, दोघांचेही आभार. दोन शंका. काळ्या रंगाचे तीन कपडे आहेत आणि तिन्ही काळे वेगळे दिसतायत, एक तर लालसर मारतोय. रंगवून घेऊ का? आणि ५ फूट १ आणि ६ फूट शेजारी उभे राहिले की जॅकेटच्या उंचीचं काय करायचं?

---

तिरका_काप लिहितो:

उंचीबद्दल. इंच सारखे ठेवू नका, शरीरावरची जागा सारखी ठेवा. पाचही जणांचं वरचं जॅकेट किंवा शर्ट कमरेच्या हाडावर संपू दे. आतला टी-शर्ट त्याखाली दोन इंच दिसू दे. खांद्याची शिलाई प्रत्येकाच्या खांद्यावरून दीड ते दोन इंच खाली उतरू दे. पँटची मोहरी (पायाशी रुंदी) सपाट ठेवून ९ ते साडेनऊ इंच, आणि बुटावर एकच चुणी. या चार रेषा पाचही जणांवर जुळल्या की कापड काहीही असो, सावली एकाच ग्रुपची पडते. कापडगंज म्हणतात ती बाह्याकृती हीच.

कार्गो विकत घेणार असाल तर लांबी कापून घेताना मोहरी तपासा. पँट खाली निमुळती असेल तर लांबी कापल्यावर मोहरी मोठी होते. बुटक्या व्यक्तीची पँट चार इंच कापली की तिची मोहरी बाकीच्यांपेक्षा पाऊण-एक इंच जास्त निघते आणि फोटोत पाय आखूड दिसतात. कापून झाल्यावर आतल्या शिलाईतून पुन्हा घ्या.

सैलपणा कापडाच्या जाडीवर ठरवा. होजिअरीच्या टी-शर्टला छातीच्या मापावर ४ ते ६ इंच पुरतात. घोंगडीची अस्तर लावलेली बंडी टी-शर्टवर घालायची तर ८ इंच हवेत, कारण जाडी आतली जागा खाते. अंगाने भरलेल्या माणसाला जाड कापड द्यायचं नाही असा एक समज आहे, तो सोडून द्या. जाड कापड ताठ उभं राहतं आणि सरळ रेषा देतं. पातळ जर्सी अंगाला चिकटते.

नाचणाऱ्यांचं आधी विचारा: जमिनीवर कोण जातं? जो जमिनीवर गुडघे आणि खांदे टेकतो त्याला नायलॉन पँट द्या, घसरते. डेनिम फरशीला धरतं. कॉर्डरॉय गुडघ्यावर झिजून लव जाते आणि टक्कल दिसतं. तुमच्या मांडणीत नाचणाऱ्या मुलाला डेनिम आहे. तोच फ्लोअर करत असेल तर त्याची आणि रॅपर १ ची पँट बदला. घोंगडीखाली डेनिम छान दिसेल आणि वाटणीची गणतीही बिघडणार नाही.

आता काळ्याचं. रंगवू नका. सुताला लागणारा रंग नायलॉनला तसाच लागत नाही, म्हणजे तिन्ही पुन्हा वेगळेच निघतील. लालसर मारणारा सुती असेल तर बहुधा रंग उडालेला आहे. तो एकच बदला किंवा डेनिमच्या आत घाला, म्हणजे दुसऱ्या काळ्याला चिकटून येणार नाही. पोत वेगळा असला की काळ्यांमधला फरक मुद्दाम केलेला वाटतो. दोन सुती टी-शर्टांचे काळे वेगळे असले की तो निष्काळजीपणा दिसतो.

---

उजेड_सावली लिहितात:

शूटच्या बाजूने बोलतो, कारण एवढी मेहनत एका चुकीच्या दिव्याने सपाट होते.

पोत दिसतो तो बाजूच्या उजेडाने. दिवा कॅमेऱ्याशेजारी ठेवला तर कॉर्डरॉयच्या रेघांना सावली पडत नाही आणि घोंगडी काळा ठिपका होते. मुख्य दिवा कॅमेऱ्यापासून ६० अंशांच्या आसपास बाजूला न्या आणि थोडा उंच ठेवा. काळ्या दगडी भिंतीसमोर काळी घोंगडी आणि काळं नायलॉन बुडून जाईल. मागून, वरून एक छोटा दिवा खांद्यांच्या कडेला लावा, म्हणजे माणूस भिंतीपासून सुटा होईल. नायलॉनवर पांढरे पट्टे जळत असतील तर दिव्यापुढे पांढरं कापड किंवा डिफ्युजर धरा, दिवा कमी करत बसू नका. दिवा कमी केला की घोंगडी आणखी बुडते.

कार्गो किंवा बुटांवर चमकणाऱ्या सुरक्षा पट्ट्या असतील तर काढा किंवा झाका. त्या उजेड ज्या दिशेने आला तिकडेच परत पाठवतात. दिवा किंवा गाडीचा हेडलाइट कॅमेऱ्याजवळ असला की फ्रेममध्ये फक्त पट्ट्याच दिसतात.

खणाची बारीक नक्षी आणि जाळीची जर्सी कॅमेऱ्यात लाटा मारू शकतात, कपड्यावर नसलेले रंगीत वळसे दिसतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते लक्षातही येत नाही. पाच सेकंदांचा तुकडा घेऊन लॅपटॉपवर पूर्ण आकारात बघा. वळसे असतील तर कॅमेरा पाऊलभर पुढेमागे करा, बहुतेकदा तेवढ्याने जातात. रस्त्यावरच्या एलईडीखाली शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी न जुळणाऱ्या वेगावर पट्टे किंवा लुकलुक येऊ शकते.

रंगाचंही आधी बघून घ्या. पिवळ्या दिव्याखाली डाळिंबी आणि तपकिरी एकमेकांच्या जवळ जातात. उड्डाणपुलाखाली तसे दिवे असतील तर कॉर्डरॉय आणि खण एकाच अंगावर असू नयेत. तुमच्या यादीत रॅपर २ आणि नाचणारी २ या दोघांवर ते एकत्र आहेत. दिवे पांढरे असतील तर चिंता नाही. पिवळे असतील तर शूटच्या जागी रात्री जाऊन खणाचा आणि कॉर्डरॉयचा तुकडा शेजारी धरून मोबाइलवर बघा, मगच शिवायला टाका.

स्टेजवर जांभळे यूव्ही दिवे असले तर पावडरने धुतलेले पांढरे कपडे निळे पेटतात. ऑफ-व्हाइट कोरं कापड तसं पेटत नाही, पण नेहमीच्या पावडरने दोन-तीनदा धुतलं की तेही पेटायला लागतं. टी-शर्ट आणि स्वेटशर्ट साध्या, उजळवणारी द्रव्यं नसलेल्या लिक्विडने धुवा, दोन्ही एकाच लिक्विडने.

---

सुईदोरा लिहितात:

पिवळ्या दिव्याचा मुद्दा खरा निघाला तर सोपा मार्ग आहे. रॅपर २ चा योक कॉर्डरॉयपासून लांब आहे, त्याला हात लावू नका. नाचणारी २ च्या पट्ट्यांच्या दोन्ही कडांना पाव इंच ऑफ-व्हाइट पायपिंग घाला, खण तपकिरीपासून तुटून दिसेल. पायपिंगचं कापड स्वेटशर्टच्या ऑफ-व्हाइटशी जुळवून घ्या.

आणि नवं डेनिम दोनदा उलटं करून थंड पाण्यात धुतल्याशिवाय ऑफ-व्हाइटला टेकवू नका. नीळ घासून लागते, कमरेपाशी स्वेटशर्टच्या रिबला पहिल्यांदा. मिठाने किंवा व्हिनेगरने ती पक्की होत नाही, धुऊन सुटा रंग काढून टाकणं हाच इलाज. शिवायला देणार असाल तर आधी धुवा, मग कापा. न आटवलेलं कोरं डेनिम पहिल्या धुण्यात ७ ते १० टक्के आटतं, ४० इंचांच्या पँटला ते तीन-चार इंच झाले.

---

पाचवा_ठोका लिहितो:

जागेवर जाऊन बघितलं. पुलाखाली दिवे पांढरे आहेत, गल्लीत पिवळे. पायपिंग करतोय, पँटची अदलाबदलही. शेवटचं एक: रॅपर १ ला घोंगडीबरोबर कोल्हापुरी घालायची आहे. बाकी चौघे स्नीकरमध्ये. चालेल?

---

तिरका_काप लिहितो:

चालेल, तो जागेवर उभा राहून रॅप करणार असेल तर. चामड्याचा तळ गुळगुळीत स्टेजवर सरकतो. चांभाराकडून खाली दीड मिलिमीटरचं रबर चिकटवून घ्या. चिकटवण्याआधी तळ काचकागदाने खरबरीत करून घ्यायला सांगा, नाहीतर टाचेकडून सुटतं. नवी असेल तर आठवडाभर घरात मोजे घालून वापरा, अंगठ्याचा पट्टा सैलावतो. पाण्यापासून जपा. भिजली तर सावलीत वाळवा, हीटर किंवा उन्हाजवळ ठेवली की चामडं वाकतं. पँटची मोहरी मात्र त्याची वेगळी धरावी लागेल. स्नीकरला पडणारी चुणी चपलेवर पडत नाही, कापड जमिनीला लागतं. त्याची लांबी चप्पल घालूनच मोजा, मागे टाचेपासून अर्धा इंच वर.